'सुप्रसिद्ध काल्पनिक लेखिका': एका मानपत्राचं प्रकरण

अमळनेर तालुक्यातल्या एका गावचं सार्वजनिक वाचनालय. 'क' वर्गातलं. दोन खोल्या, पाच लोखंडी कपाटं, बाहेर वर्तमानपत्रांचं लाकडी स्टँड आणि सकाळपासून त्याच्याभोवती जमलेली पाच-सात म्हातारी मंडळी. गावाचं नाव देत नाही, कारण या प्रकरणात चुका झाल्या आणि त्यातली मोठी चूक माझी आहे.

मी धुळ्याचा. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, आता मुद्रितं तपासतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, दशक्रियेचे फ्लेक्स, मानपत्रं, जे येईल ते. पैसे कोणी देतं, कोणी केळीचा घड आणून देतं. या वाचनालयाच्या सचिवांनी जानेवारीत वर्धापनदिनाला एक पाहुण्या ठरवल्या होत्या. बाईंचं माहेर याच गावचं, सासर नाशिकचं. नावावर दोन कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह. शनिवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम आणि रविवारी सकाळी मानपत्र, असा बेत. कापसाची शेवटची वेचणी उरकत आली होती, लोकांना संध्याकाळी सवड होती.

मसुदा

बुधवारी रात्री मानपत्राचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. सुरुवात अशी: 'खान्देशच्या काळ्या मातीत जन्मलेल्या सुप्रसिद्ध काल्पनिक लेखिका...'

मी फोन लावला. 'भाऊ, बाई खऱ्या आहेत ना?'

'म्हणजे? परवाच बोललो सर त्यांच्याशी.'

'मग काल्पनिक कशा झाल्या?'

पलीकडे थोडा वेळ शांतता, मग हसू. झालं होतं ते असं. बाईंच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर इंग्रजीत दोन ओळींचा परिचय होता, त्यात 'फिक्शन रायटर' असे शब्द होते. सचिवांनी ते मोबाइलला विचारले. मोबाइलने दोन्ही शब्दांचं वेगवेगळं मराठी करून शेजारीशेजारी ठेवलं. बाई नाहीशा झाल्या.

हसण्यावारी नेण्याआधी इथं जरा थांबावं असं मला वाटलं. कारण मराठीत लेखकाला विशेषण लावून त्याच्या लेखनाबद्दल बोलायची पद्धत आहेच. 'विनोदी लेखक' म्हटलं की तो विनोद लिहितो असं आपण धरतो, घरी सदा कपाळाला आठ्या घालून बसत असला तरी. 'ऐतिहासिक कादंबरीकार' हयात असतो. 'ग्रामीण कथाकार' पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मग 'काल्पनिक लेखिका' एवढं का खटकतं? कारण 'काल्पनिक' हे विशेषण आपण एखादी गोष्ट मुळात आहे की नाही, हे सांगायला राखून ठेवलंय. भूगोलाच्या पुस्तकातलं विषुववृत्त काल्पनिक रेषा असते. मालिका सुरू व्हायच्या आधी पाटी येते, 'यातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असून...' तेच विशेषण माणसाला चिकटवलं की माणूसच पुसला जातो. 'बाललेखक' म्हटल्यावर हाफ पँटीतलं पोर डोळ्यांपुढे येतं, म्हणून आपण 'बालसाहित्यकार' म्हणतो, तसलाच प्रकार.

आणखी एक गोष्ट आहे. इंग्रजी शब्द पुस्तकाची वाटणी 'घडलेलं' आणि 'रचलेलं' अशी करतो आणि लेखकाला त्या वाटणीवरून हाक मारतो. आपल्याकडे ती वाटणी आधी होत नाही. आपण आधी विचारतो, काय लिहितो? कविता, नाटक, कथा, कादंबरी? खरं की रचलेलं, हा प्रश्न नंतर येतो, कधी येतही नाही. मराठीतलं कथेचं सर्वांत मानाचं मासिक 1982 साली बंद पडेपर्यंत 'सत्यकथा' याच नावाने निघत होतं. त्यातल्या गोष्टी रचलेल्या आहेत, नाव बदला, असं कोणी वाचक म्हणाला नाही.

हे सगळं मला बुधवारी रात्री सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी फक्त म्हणालो, 'कथाकार करा. कथाही येते, कादंबरीही त्यात खपून जाते.' आणि जेवायला बसलो.

शनिवारची संध्याकाळ

धुळ्याहून बसने पोचलो तेव्हा सहा वाजले होते. चौकात फ्लेक्स लागला होता. माझा शब्द त्यावर हातभर मोठा: 'सुप्रसिद्ध कथाकार... यांची कथा. सायं. 7 वा. समस्त ग्रामस्थांनी लाभ घ्यावा.' मागे भगवा रंग, कोपऱ्यात कमळं, खाली गावातल्या दहा-बारा मंडळींचे हात जोडलेले फोटो. फ्लेक्सवाल्या पोराने डिसेंबरातल्या भागवत सप्ताहाची फाइल उघडून नाव आणि फोटो तेवढा बदलला होता. 'लाभ घ्यावा' ही ओळ तशीच राहिली होती.

वाचनालयाने साठ खुर्च्या मांडल्या होत्या. साडेसहापासून बायका यायला लागल्या. काहींच्या हातात आरतीचं ताट, काहींकडे नारळ, एकीने तर व्यासपीठासाठी घरचा पाट आणि धुतलेली शाल आणली होती. खुर्च्या भरल्या, मग पोरांनी सतरंज्या अंथरल्या, मग लोक समोरच्या ओट्यांवर बसले. सचिवांचा चेहरा आनंदाने फुलला होता. माझ्या पोटात गोळा यायला लागला होता.

पहिल्या रांगेत नऊवारीतली एक आजी. तिने सचिवांना हाक मारून विचारलं, 'भाऊ, पोथी कोठे शे?'

'पोथी नाही आजी. पुस्तकाच्या ताई आहेत.'

'मंग महाराज कव्हय येतीन?'

बाई तेवढ्यात व्यासपीठावर येत होत्या. एका काकूंनी पुढे होऊन त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. बाई पटकन मागे सरकल्या, काकूंना धरून उठवलं. माइक हातात घेऊन पहिलं वाक्य त्या म्हणाल्या, 'मी महाराज नाही हो. मी इथलीच, बोरीकाठच्या घरातली. मी गोष्टी रचते. तुम्ही एवढे आलाच आहात, तर एक सांगते.'

भाषणाचे कागद बाजूला ठेवून त्यांनी अहिराणीत एक गोष्ट सांगितली. जिनिंगच्या काट्यावर कापूस घालायला गेलेल्या एका विधवेची. गाडी काट्यावर चढताना तिची पोरगी गाडीतच झोपलेली राहते आणि तिचंही वजन कापसात धरलं जातं. पैसे हातात आल्यावर आईला कळतं, की चुकून जास्त आलेत, ते पोरीच्या वजनाचे आहेत. परत करावेत की नाही, एवढीच गोष्ट. वीस मिनिटं कोणी जागचं हललं नाही.

संपल्यावर मागच्या ओट्यावरून एक आजोबा उठले. 'ताई, हाई खरं शे का?'

'नाही बाबा. मी रचलं.'

'बरं. पन मंग ती जिन कोनती?'

लोक हसले. बाईही हसल्या. आरतीची ताटं मात्र तशीच परत गेली, आणि जाताना दोन बायका एकमेकींत बोलत होत्या ते मी ऐकलं. फ्लेक्सवर कथा लिहायची आणि कथा करायची नाही, ही कुठली रीत? त्यांचं काही चुकलं नव्हतं.

ओट्यावरची बैठक

रात्री जेवण झाल्यावर वाचनालयाच्या ओट्यावर बसलो. सचिव, ग्रंथपाल आप्पा, फ्लेक्सवाला पोरगा, बाई आणि मी. मानपत्र छापून, चौकट करून, प्लास्टिकात गुंडाळून तयार होतं आणि त्यावर 'सुप्रसिद्ध कथाकार' लिहिलेलं होतं. ते तसंच द्यायचं की बदलायचं?

पोरगा आधीच बचावावर उभा. 'सर, शब्द तुम्हीच दिला. मी फक्त टाकला.'

खरं होतं. माझ्या डोक्यात होता तो 'कथाकार' पुस्तकांतला. हरिभाऊ आपट्यांच्या काळी मासिकांत 'स्फुट गोष्टी' यायच्या. पुढे 'लघुकथा' शब्द रुळला. स्वातंत्र्याच्या आसपास गाडगीळ, गोखले, माडगूळकर, भावे यांच्या कथांना 'नवकथा' म्हणायला लागले आणि लिहिणारे 'नवकथाकार' झाले. 'कथाकार' म्हणजे लघुकथा लिहिणारा, हे मराठीच्या वर्गात मी कित्येक वर्षं सांगत आलो. पण चौकातल्या माणसाच्या कानाला 'कथा' हा शब्द वेगळ्या दारातून येतो. सत्यनारायणाची कथा, भागवतकथा, शिवमहापुराणाची कथा. आणि खान्देशात हिंदी वाहिन्यांमुळे, बऱ्हाणपूर-खंडव्याच्या सोयरिकींमुळे, कथा सांगणाऱ्या महाराजांना गेल्या काही वर्षांत सर्रास 'कथाकार' म्हणायला लागलेत. कीर्तन करणारा कीर्तनकार, प्रवचन करणारा प्रवचनकार, तर कथा करणारा कथाकार. गावाने लावलेलं गणित अगदी बरोबर आहे.

गंमत म्हणजे मराठीकडे ही गोंधळाची जागा टाळणारा शब्द होता: कथेकरी. पुराणातली कथा लोकांपुढे सांगतो तो कथेकरी, कथा लिहितो तो कथाकार. वारकरी, शेतकरी, माळकरी, कष्टकरी यांच्यातला तो '-करी', म्हणजे सदा ते काम करत असणारा. 'कथेकरीबुवा' हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी रोजचा होता. तो मागे पडला, त्याची जागा हिंदीतल्या 'कथाकारा'ने घेतली आणि आमचा कथाकार बेघर झाला. तिसरे एक आहेत, कथाकथन करणारे. शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे मिळून कथाकथनाचे कार्यक्रम करत. आपणच लिहिलेली कथा आपणच सांगायची. शनिवारी बाईंनी केलं ते नेमकं हेच, पण फ्लेक्सवर 'कथाकथन' लिहायचं मला सुचलं नव्हतं.

आप्पा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, 'आणि सर, आमच्या अहिराणीत कथा म्हणजे कुठं. कथा जास, म्हणजे कुठं चाललास. फ्लेक्स वाचून मला तर वाटलं, ताई कुठं निघाल्या?' यावर सगळे हसले.

मग एकेक शब्द पुढे आला. सचिव म्हणाले, साधं 'लेखिका' लिहू. यात चूक काहीच नाही. पण गावात 'लिहिणारा' म्हटलं की दस्तलेखक. तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून बसणारा. संध्याकाळी त्याच आजीने मला विचारलं होतं, 'बाई लिखस ना, मंग तहसीलमा बठस का?' शिवाय आमच्या भागात लेखक आणि कर्ता या दोन माणसांमध्ये केवढं अंतर असू शकतं याचे दोन मोठे दाखले आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या रचत, गात, आणि कागदावर उतरवणारे हात दुसऱ्यांचे. खान्देशच्या सर्वांत मोठ्या कवयित्रीला 'लेखिका' म्हणता येत नाही. दुसरा दाखला धुळ्याच्या तुरुंगातला. 1932 साली तिथं विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. तिथं गुरुजी लेखनिक. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आईच्या आठवणी लिहिल्या. तिथं लेखक. आणि ते पुस्तक कादंबरी, आत्मकथन की संस्कारकथा, यावर मराठीचे मास्तर अजून एकमत झालेले नाहीत, मीही त्यांतलाच.

'साहित्यिक' हा शब्द बाईंनी स्वतःच उडवून लावला. 'सर, तो साठीनंतर देतात. मी एक्कावन्नची आहे.' त्यात तथ्य आहे. 'ज्येष्ठ साहित्यिक' हा आपल्याकडे वयाचा दाखला झालाय. माणसाने नेमकं काय लिहिलं हे माहीत नसलं की तो शब्द कामाला येतो.

'ललित लेखिका' हा माझा दुसरा प्रस्ताव. विद्वत्तापूर्ण वाटतो, शास्त्रीय लेखनाहून वेगळं असं त्यात सूचित होतं, आणि कथा, कादंबरी दोन्ही पोटात घेतो. आप्पांनीच तो पाडला. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत कादंबरीचा पुरस्कार हरि नारायण आपट्यांच्या नावाचा, लघुकथेचा दिवाकर कृष्णांच्या नावाचा आणि ललित गद्याचा अनंत काणेकरांच्या नावाचा, तिन्ही वेगळे. 'ललित' म्हटल्यावर वाचणारा पाऊस, अंगण, आजोळ यांवरच्या लेखांची अपेक्षा करतो. बाईंच्या एका कादंबरीत खून आहे.

पोरगा म्हणाला, 'उपन्यासकार?' त्याची मावशी बऱ्हाणपूरची. हिंदीत बरोबर, बंगालीतही उपन्यासच. पण मराठीत तो उपराच. आणि हा शब्द दक्षिणेत नेला तर पंचाईतच. कानडीत, तेलुगूत उपन्यास म्हणजे व्याख्यान. कानडीत कादंबरीला आपल्यासारखंच कादंबरी म्हणतात. पश्चिमेकडे गेलं की गुजरातीत नवलकथा. इंग्रजी नॉव्हेलचा आवाज आणि आपल्याच 'नवल'चा अर्थ, दोन्ही एका शब्दात बसवले. नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून दोन राज्यांची सीमा जाते, तिथलं एक बाक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. बाई त्या बाकावर महाराष्ट्राच्या बाजूला बसल्या तर कादंबरीकार, हातभर सरकल्या की नवलकथाकार. मराठीत मात्र 'नवलकथा' म्हटलं की राक्षस, गुहा आणि जादूची अंगठी डोळ्यांपुढे येते.

सगळ्यांना झाकणारा एकच शब्द आहे का, हा प्रश्न सचिव फिरून फिरून विचारत होते. समीक्षेत 'कथात्म साहित्य' म्हणतात, म्हणून 'कथात्म साहित्यकार'? तो शब्द उच्चारतानाच माझी जीभ अडखळली आणि बाईंनी हात जोडले. आप्पा मात्र आत जाऊन दाखल नोंदवही घेऊन आले. ग्रंथपालनाच्या प्रमाणपत्र वर्गात शिकलेली दशांश पद्धत ते या पाच कपाटांत इमानाने पाळतात. 'हे बघा. मराठी साहित्य 891.46. पुढे एक लावला की कविता, दोन की नाटक, तीन की कथा-कादंबरी. ताईंची तिन्ही पुस्तकं 891.463. झाला ना एक शब्द?'

'आप्पा, मानपत्रावर 891.463 लिहू?' सचिव म्हणाले.

पण आप्पांनी नकळत मुद्दा सोडवला होता. तो तिनाचा आकडा बाहेरून आलाय आणि कपाटासाठी आहे. माणसाला हाक मारायला मराठीने एकछत्री शब्द केलाच नाही. केला नाही म्हणजे भाषा लंगडी पडली, असं मला वाटत नाही. तिची रीत दुसरी आहे. जी वस्तू केली तिचं नाव घ्यायचं आणि मागे '-कार' लावायचा. हा '-कार' जुना कारागीर आहे. कुंभ करणारा कुंभकार, तो झिजून कुंभार झाला. सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार. त्याच ओळीत नाटककार, निबंधकार, कादंबरीकार. बोरीकाठच्या कुंभारवाड्यातल्या माणसाला आपण 'मातीकाम करणारा' म्हणत नाही, त्याच्या घड्याचं नाव घेतो.

कधी हाच प्रत्यय एकाच कृतीच्या नावाला लागतो. निबंधमालेमुळे चिपळूणकर निबंधमालाकार, टिळक गीतारहस्यकार. या हिशेबाने जगातला एकमेव खरा कादंबरीकार सातव्या शतकातला बाणभट्ट, कारण 'कादंबरी' हे मुळात त्याच्या गद्यकाव्याचं आणि त्यातल्या नायिकेचं नाव. वनस्पती तुपाला सगळीकडे डालडा म्हणावं, तसं आपण एका पुस्तकाचं नाव सगळ्या जातीला देऊन बसलो. बाणाचं ते पुस्तक त्याच्या हातून पुरं झालं नव्हतं, मुलाने केलं, हे मी अर्धवट कादंबऱ्या घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींना आवर्जून सांगतो.

पण म्हणून तो शब्द उसना म्हणता येत नाही. 1857 साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं, 1861 साली हळब्यांची 'मुक्तामाला', आणि 1902 साली इतिहासाचार्य राजवाडे नुसतं 'कादंबरी' असं नाव देऊन निबंध लिहितात तोवर ते एका नायिकेचं नाव उरलेलं नव्हतं, एका वाङ्मयप्रकाराचं झालेलं होतं. राजवाडे पुढे धुळ्यात राहिले, तिथंच 1926 साली वारले; त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळावरून मी रोज फिरायला जातो. आणि हा अमळनेर तालुका. 1952 साली अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते मराठी व्युत्पत्तिकोश करणारे कृ. पां. कुलकर्णी. त्यांच्या संमेलनाच्या तालुक्यात मी एक शब्द न बघता दिला, ही बोच मला त्या रात्री होती.

राहिला स्त्रीलिंगाचा प्रश्न. सचिवांना 'कादंबरीकारीण' लिहावं लागेल की काय अशी धास्ती होती. नाही. '-कार' दोघांनाही चालतो, बाईपण क्रियापदातून कळतं: कादंबरीकार आल्या, कादंबरीकार बोलल्या. 'लेखक'चं मात्र 'लेखिका' होतं, म्हणून 'कथालेखिका'. आणि 'कवि'चं 'कवयित्री', जिथं आमचा सगळा जिल्हा घसरतो. जळगावच्या विद्यापीठाला 2018 साली बहिणाबाईंचं नाव दिलं तेव्हापासून 'कवियत्री' ही चूक माझ्या लाल पेनाखाली आठवड्यातून एकदा तरी येते. कवि या शब्दाला 'यत्री' जोडलेलं नाही. 'कवयिता'चं स्त्रीलिंग 'कवयित्री'. हे मी त्या पोराला कागदावर लिहून दिलं. त्याने कागदाचा फोटो काढून घेतला.

बाईंना विचारलं, तुम्हाला काय हवं? त्या थोडा वेळ थांबल्या. 'कथा मी सुरुवातीला लिहिल्या. आता दहा वर्षं कादंबरीच लिहितेय. कादंबरीकार म्हणा. पण आज संध्याकाळी लोकांनी ऐकली ती कथाच होती, ती खोडू नका.'

ठरलं ते असं. मानपत्रावर 'कादंबरीकार व कथालेखिका'. 'कथा-कादंबरीकार' हा जोडशब्द चालला असता, वर्तमानपत्रं तोच वापरतात. पण चौकटीच्या रुंदीत तो दोन ओळींत तुटत होता आणि पहिल्या ओळीच्या शेवटी पुन्हा 'कथा' एकटी उरत होती. शनिवारनंतर तो धोका कोणी घ्यायला तयार नव्हतं. 'सुप्रसिद्ध' मी काढलं. मानपत्र देतोय म्हणजे प्रसिद्धी आलीच. फ्लेक्सवर मात्र कुठलंच नामाभिधान नको, सरळ वाक्य घालायचं: 'आपल्या गावच्या लेकीने लिहिलेल्या कादंबऱ्यांबद्दल त्यांच्याशीच गप्पा.' आणि कमळं काढायची. पोरगा म्हणाला, 'सर, कमळं काढली तर कोपरा रिकामा दिसतो.' मी म्हटलं, पुस्तकाचं चित्र टाक. त्याने टाकलं. सकाळी बघितलं तर ते उघडलेल्या पोथीचं होतं.

रविवार

सकाळी डीटीपीचं दुकान उघडेपर्यंत दहा वाजले. पोरगा मोटारसायकलवर अमळनेरहून नवा कागद घेऊन आला, आप्पांनी चौकटीच्या मागचे खिळे पकडीने काढले, कागद बदलला. एक खिळा वाकला, तो पुढच्या कार्यक्रमात बाईंच्या शालीला अडकला, एवढं सोडलं तर काही विघ्न नाही. सचिवांनी मानपत्र वाचलं. 'कादंबरीकार' या शब्दाशी ते जरा थांबले, आणि मला वाटलं आता 'काल्पनिक' बाहेर पडतं की काय. नाही पडलं.

माणसं या वेळी चाळीसच होती. शनिवारची गर्दी आली नाही याचं सचिवांना वाईट वाटत होतं. ते म्हणाले, 'सर, चुकीच्या शब्दाला दोनशे आले, बरोबर शब्दाला चाळीस.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. बाईंना कालचा जमाव जास्त आवडला होता, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं.

नऊवारीतली आजी मात्र आली होती, सोबत आठवीतला नातू. कालचा नारळ पिशवीत होता. देवापुढे नेलेला नारळ परत घरी कसा न्यायचा, म्हणून तिने तो बाईंच्या ओटीत घातला आणि आप्पांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. कापसाच्या काट्याची गोष्ट असलेलं पुस्तक हवं म्हणाली. आप्पांनी कथासंग्रह काढून दिला. तिने तो उलटा धरला, मग नातवाने सरळ करून दिला.

'मना नातू वाची दाखाडी,' ती म्हणाली.

आप्पांनी सभासदाचा अर्ज पुढे केला. नाव, वय, पत्ता नातवाने भरलं. 'आजी, अनामत पन्नास रुपये.'

आजीने एकदा आप्पांकडे आणि एकदा बाईंच्या ओटीकडे बघितलं. 'अनामत? नारय दिधा ना!'